चार आवाजांच्या स्कोअरवर टेंपोची सूचना नेमकी कुठे टाचायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्युझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही मिश्र कॉयरसाठी, म्हणजे स्त्री-पुरुष आवाजांच्या गायकवृंदासाठी, रचना मांडली आहे. वरच्या स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे आवाज, खालच्यावर टेनर आणि बेस हे पुरुषांचे, त्याखाली पियानो. पाचव्या बारमध्ये सोप्रानो पूर्ण बारभर एकच सूर धरून आहेत, तिसऱ्या बीटवर आल्टो हलतात आणि तिथूनच लय 'मेनो मोसो', म्हणजे आधीपेक्षा थोडी संथ, व्हायला हवी. तुम्ही आल्टोच्या त्या नोटेवर मजकूर लिहिलात. तो सोप्रानोच्या स्लरला, म्हणजे सूर जोडणाऱ्या कमानीला, चिकटला, म्हणून माउसने वर ओढलात, तर पुढच्या दुरुस्तीनंतर तो भलतीकडेच जाऊन बसला. पियानोच्या पार्टमध्ये, म्हणजे त्या वाद्याच्या वेगळ्या प्रतीत, तो दिसतच नाही आणि प्लेबॅकची लय तसूभरही बदलत नाही. एका स्टाफवर दोन व्हॉइस, म्हणजे स्वतंत्र सुरावटी, असले की टेंपो कोणत्या व्हॉइसला लावायचा, असं तुम्ही विचारलंय.

कोणत्याच नाही. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. फोर्टे (जोरात) आल्टोंचा असू शकतो, स्टकाटो (तुटक) टेनरचा असू शकतो, पण टेंपो कुणा एका आवाजाच्या मालकीचा नसतो. तो वेळेच्या एका बिंदूचा असतो, आणि त्या क्षणी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांना लागू होतो. म्हणून टेंपो लिहिताना दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे. पहिला, ही सूचना कोणत्या बीटला बांधली आहे? दुसरा, ती कागदावर कोणत्या उंचीवर दिसते? पहिल्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर शक्यतो सॉफ्टवेअरला देऊ द्यायचं. तुमच्या फाइलमध्ये नेमकं उलटं झालंय असं दिसतं: बांधणी चुकीच्या प्रकारच्या मजकुरावर पडली आणि जागा हाताने ठरवली गेली.

आधी हा मजकूर कोणत्या जातीचा आहे ते तपासा. म्युझस्कोअरमध्ये दिसायला सारखे पण स्वभावाने अगदी वेगळे असे तीन मजकूर आहेत. कंट्रोल+टी दाबून येतो तो स्टाफ टेक्स्ट. तो ज्या स्टाफवर लिहिला त्याच स्टाफचा राहतो आणि त्याच वाद्याच्या पार्टमध्ये जातो. कंट्रोल+शिफ्ट+टी दाबून येतो तो सिस्टिम टेक्स्ट. तो सर्वांत वरच्या स्टाफच्या डोक्यावर बसतो आणि सगळ्या पार्टमध्ये उमटतो, पण लयीशी त्याचा संबंध नसतो. ऑल्ट+शिफ्ट+टी दाबून येतो तो खरा टेंपो टेक्स्ट. तोही सिस्टिमच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्टाफच्या गटाच्या, डोक्यावर बसतो, सगळ्या पार्टमध्ये जातो आणि शिवाय प्लेबॅकची लय बदलतो. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन. तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे पियानोच्या पार्टमध्ये गैरहजर आणि प्लेबॅकवर परिणाम शून्य, ही स्टाफ टेक्स्टची खूण आहे.

खात्री करायची असेल तर 'मेनो मोसो'वर एकदा क्लिक करा आणि खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत बघा. निवडलेली वस्तू कोणत्या प्रकारची आहे आणि ती कोणत्या बारच्या कोणत्या बीटला बांधलेली आहे, हे तिथे लिहून येतं. ही पट्टी फार कमी लोक वाचतात, आणि टेंपोच्या निम्म्या तक्रारी तिथेच उलगडतात. पूर्ण रचनेची झडती एकदम घ्यायची असेल तर एफ१२ दाबून टाइमलाइन उघडा. तिथे टेंपोची स्वतंत्र ओळ असते. जी सूचना पानावर दिसते पण त्या ओळीत नाही, ती टेंपो नव्हे, टेंपोचा वेष घेतलेला साधा मजकूर आहे.

इथे एक फसगत नेहमी होते. डाव्या बाजूच्या प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये मजकुराची टेक्स्ट स्टाइल बदलता येते, आणि यादीत 'टेंपो' हे नावही असतं. ते निवडलं की अक्षरं ठळक आणि मोठी होतात, पान बरोबर दिसू लागतं, आणि माणूस समाधानाने पुढे जातो. पण त्याने फक्त पोशाख बदलतो, जात नाही. स्टाफ टेक्स्ट स्टाफ टेक्स्टच राहतो. म्हणून जुना मजकूर सरळ डिलीट करून नव्याने टेंपो टेक्स्ट घालणं हाच रस्ता आहे.

आता तुमचा पाचवा बार. आल्टोची तिसऱ्या बीटवरची नोट निवडा, ऑल्ट+शिफ्ट+टी दाबा, आधी जे काही आपोआप लिहून आलं असेल ते पुसून 'मेनो मोसो' लिहा आणि एस्केप दाबा. आल्टो दुसऱ्या व्हॉइसमध्ये आहेत याने काहीही बिघडत नाही. नोट फक्त वेळेचा पत्ता सांगण्यासाठी वापरली गेली. सोप्रानोची नोट निवडून चाललं नसतं, कारण ती पहिल्या बीटवर सुरू होते आणि टेंपोही पहिल्या बीटलाच बांधला गेला असता. पियानोच्या डाव्या हाताला तिसऱ्या बीटवर कॉर्ड असेल तर तो निवडूनही तुम्ही टेंपो घालू शकता. सूचना तरीही वरच, सोप्रानोच्या डोक्यावर, तिसऱ्या बीटच्या सरळ रेषेत उमटेल.

माउसने आडवं ओढण्यापासून मी ठामपणे परावृत्त करतो ते याचसाठी. पहिल्या बीटवरचा टेंपो ओढून तिसऱ्या बीटवर आणला तर डोळ्यांना तो तिसऱ्यावर दिसतो, पण बांधलेला पहिल्यालाच असतो. ओढताना नोटेकडे जाणारी एक तुटक रेघ दिसते, ती हीच गोष्ट सांगत असते: मूळ खुंटी इथे आहे. प्लेबॅक दोन बीट आधी मंदावतो. पुढे बारची रुंदी बदलली, शब्द लांबले, कागद बदलला, की ओढलेलं अंतर तेवढंच राहतं पण त्याखालचं संगीत सरकतं, आणि सूचना चौथ्या बीटवर किंवा बारच्या रेघेवर जाऊन बसते. पार्टमध्ये तर बारची रुंदी वेगळीच असते, म्हणजे तिथे आणखी तिसरी जागा.

कधीकधी हव्या त्या बीटवर एकाही आवाजाची नोट नसते. समजा चारही आवाज आणि पियानो पूर्ण बारभर एकच कॉर्ड धरून आहेत आणि तरी तिसऱ्या बीटपासून लय बदलायची आहे. आधी स्वतःला विचारा की तिथे टेंपो बदलणं गायकांना कळणार कशावरून; धरलेल्या सुरात नवी लय ऐकू येत नाही, ती फक्त निर्देशकाच्या हातात दिसते. बहुतेक वेळा पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर सूचना लिहिणंच स्वच्छ ठरतं. तरीही तिथेच हवी असेल तर ज्या स्टाफवर आधीच दोन व्हॉइस आहेत, तुमच्या बाबतीत सोप्रानो-आल्टोचा स्टाफ, त्यावर तिसरी व्हॉइस निवडून दोन हाफ रेस्ट (दोन-दोन बीटच्या विश्रांतीची चिन्हं) घाला, म्हणजे तिसऱ्या बीटवर एक नवी खुंटी तयार होते. पहिला रेस्ट डिलीट करा, दुसऱ्याला व्ही दाबून अदृश्य करा आणि टेंपो त्याला लावा. एकाच व्हॉइसच्या स्टाफवर हा उद्योग केलात तर स्टेमच्या, म्हणजे नोटेच्या दांड्यांच्या, दिशांवर एकदा नजर टाका, कारण नवी व्हॉइस आली की पहिल्या व्हॉइसचे स्टेम वर वळू शकतात. लांब नोट तोडून टाय केलेल्या (कमानीने जोडलेल्या) दोन नोटा लिहिण्याचा मार्गही आहे, पण कॉयरच्या प्रतीत तो मी टाळतो. गायकाला टाय दिसली की तो तिथे काहीतरी घडतंय असं समजतो.

उंचीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, जर तुम्ही हात आवरला तर. म्युझस्कोअरचं ऑटोमॅटिक प्लेसमेंट वरच्या स्टाफच्या सगळ्या वस्तूंची बाह्यरेषा बघतं आणि टेंपोला तिच्या वर ठेवतं. स्टाफपासून बाहेरच्या दिशेने जाताना क्रम साधारण असा असतो: आधी आर्टिक्युलेशन (स्टकाटोसारखी चिन्हं) आणि स्लर, मग डायनॅमिक्स (आवाजाच्या जोराची चिन्हं), मग त्या आवाजापुरत्या सूचना, गिटारसाठी कॉर्डची नावं असतील तर ती, मग पहिल्या-दुसऱ्या शेवटाचे व्होल्टाचे कंस, आणि सर्वांत बाहेर टेंपो आणि रिहर्सल मार्क (सरावासाठीच्या खुणा). डायनॅमिक्स स्टाफच्या वर कसे, असं वाद्यसंगीत लिहिणाऱ्याला वाटेल. गायनाच्या स्टाफखाली शब्द असतात, म्हणून तिथे पियानो (इथे वाद्य नव्हे, 'हळू आवाजात' ही खूण), फोर्टे आणि हेअरपिन (जोर वाढण्या-घटण्याच्या फाकत्या रेघा) वर जातात. कॉयरच्या स्कोअरवर टेंपोसाठी गर्दी होते ती मुख्यतः यामुळेच.

टेंपो स्लरला फार चिकटून बसतोय असं वाटलं तर एका सूचनेला उचलू नका, नियम बदला. फॉरमॅट मेनूतून स्टाइल उघडा, टेंपोच्या पानावर जा आणि मिनिमम डिस्टन्स थोडं वाढवा. मोजमाप स्टाफच्या स्पेसमध्ये असतं, म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर एक. म्युझस्कोअर ४ मध्ये ही स्पेस मुळात १.७५ मिलिमीटर असते, म्हणजे पूर्ण स्टाफ ७ मिलिमीटर उंच. अर्धी स्पेस वाढवणं म्हणजे कागदावर जेमतेम ०.९ मिलिमीटर, पण डोळ्याला तेवढं पुरतं. फारच जास्त मोकळी जागा ठेवली तर सूचना आपल्या संगीतापासून सुटून वरच्या सिस्टिमच्या शब्दांना जाऊन मिळते, आणि पानाच्या मधल्या सिस्टिममध्ये ती वरच्यांची की खालच्यांची असा संभ्रम होतो. तसं झालंच तर टेंपोला खाली दाबण्याऐवजी दोन सिस्टिममधलं अंतर वाढवा.

लांब सूचना छोट्यांपेक्षा जास्त त्रास देतात, त्याचं कारण आडवं आहे. 'लार्गो' एका नोटेवर मावतो. 'अलेग्रो मा नॉन त्रोप्पो' तीन-चार नोटांवर पसरतो, आणि त्यातली शेवटची नोट सोप्रानोचा वरचा ए असेल तर त्या एका नोटेपायी पूर्ण ओळ वर ढकलली जाते. शेजारची 'रिट.' (हळूहळू संथ) मात्र खालीच राहते. एका सिस्टिममध्ये दोन टेंपो सूचना दोन उंचींवर दिसल्या तर वाचणाऱ्याची नजर अडखळते. अशा ठिकाणी दोन्ही सूचना कंट्रोल धरून निवडायच्या आणि प्रॉपर्टीजच्या अपिअरन्समध्ये उभं ऑफसेट देऊन खालची वरचीच्या ओळीत आणायची. हा हाताने केलेला बदल आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी, पानांची मांडणी पक्की झाल्यावरच करायचा. काही चुकलं तर कंट्रोल+आर दाबून वस्तू मूळ जागी परतते. बरोबरचं चिन्ह दाबून ऑटोमॅटिक प्लेसमेंट बंद करण्याची सोय आहे, पण ती बंद केल्यावर ती सूचना कोणाशीही धडकू शकते आणि सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही. रचना एक सूर वर ट्रान्स्पोज केली की लगेच प्रत्यय येतो.

आडव्या जागेचे संकेत थोडे आहेत पण पक्के आहेत. रचनेच्या सुरुवातीला टेंपोचं पहिलं अक्षर टाइम सिग्नेचरच्या, म्हणजे तालाच्या आकड्यांच्या, डाव्या कडेशी जुळतं, पहिल्या नोटेशी नव्हे. मध्येच टाइम सिग्नेचर आणि टेंपो एकत्र बदलले तरी तोच नियम. नुसता टेंपो बदलला तर पहिलं अक्षर त्या बीटच्या नोटेच्या डाव्या कडेशी. सुरुवातीला अपूर्ण बार असेल तर टेंपो त्या अपूर्ण बारवरच, पहिल्या पूर्ण बारची वाट बघत नाही.

तुमच्या स्टाफवर यातलं एक बारीक ठिकाण येऊ शकतं, म्हणून ते जवळून बघू. सोप्रानो जी वर आणि आल्टो लगतच्या एफ वर एकाच बीटला सुरू होतात असं धरा. दोन नोटा एकमेकींवर मावत नाहीत, म्हणून वरची, स्टेम वर असलेली, डावीकडे राहते आणि खालची, स्टेम खाली असलेली, उजवीकडे सरकते. आता तुम्ही आल्टोच्या नोटेवर क्लिक करून टेंपो घातलात तर तो सरकलेल्या एफच्या डोक्यावर जाईल का? जात नाही. तो बीटच्या स्तंभाला बांधला जातो, आणि स्तंभाची कड म्हणजे डावीकडचा जी. सूचना वेळेला बांधली जाते हे इथे डोळ्यांनी दिसतं. साधा मजकूर लिहून ओढत बसणाऱ्याला हेच संरेखन प्रत्येक ठिकाणी हाताने साधावं लागतं.

प्लेबॅकबद्दल. 'मेनो मोसो' हे शब्द ऐकून सॉफ्टवेअरला आकडा कळत नाही, कारण ते सापेक्ष आहेत. टेंपो निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'फॉलो रिटन टेंपो'ची खूण काढा आणि आकडा द्या. आधी क्रॉचेट, म्हणजे अमेरिकन भाषेत क्वार्टर नोट, मिनिटाला ८४ असेल तर ७२ ही 'मेनो मोसो'ची वाजवी किंमत आहे. ८० दिली तर फरक कुणाला जाणवणार नाही आणि ६० दिली तर तो नवा टेंपो होतो, मग शब्दही तसाच लिहायला हवा. आकडा छापायचाही असेल तर समीकरण मजकुरातच लिहा. नोटेचं चिन्ह मात्र टेंपो पॅलेटमधून किंवा स्पेशल कॅरेक्टर्समधून घ्या. दुसरीकडून चिकटवलेलं चिन्ह दिसायला तसंच असतं पण सॉफ्टवेअर ते वाचेल याची हमी नाही. ६/८ मध्ये ठिपक्याचा क्रॉचेट निवडायला विसरू नका. साध्या क्रॉचेटने ६० लिहिलं आणि मनात ठिपक्याचा होता, तर रचना दोन-तृतीयांश लयीत वाजते आणि दोष कुठे आहे ते पटकन सापडत नाही.

हळूहळू बदलणारी लय, 'रिट.' आणि 'अच्चेल.' (हळूहळू जलद), यांसाठी म्युझस्कोअर ४ मध्ये टेंपो पॅलेटमध्येच रेघा आहेत. त्या किती बीटपर्यंत चालतात ते ओढून ठरतं, आणि लय किती टक्क्यांवर न्यायची ते प्रॉपर्टीजमध्ये देता येतं. त्या टेंपोसारख्याच सिस्टिमच्या डोक्यावर बसतात. छापील परंपरेत टेंपोचे मुख्य शब्द ठळक, उभ्या अक्षरात आणि मोठ्या पहिल्या अक्षराने. हळूहळू होणारे बदल बहुधा तिरप्या, लहान अक्षरात. त्यामुळे एका नजरेत कळतं की इथे नवी लय आहे की आहे ती लय सैल होते आहे. 'रिट.'ची रेघ संपली की पुढे काय, ते लिहायलाच हवं: 'आ टेंपो' (पुन्हा मूळ लयीत) किंवा नवा टेंपो. ते न लिहिल्यास कॉयरमधले अर्धे लोक मूळ लयीवर परततात आणि अर्धे संथच राहतात. 'रिट.' एका सिस्टिमच्या शेवटी आणि 'आ टेंपो' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येत असेल तर ते उत्तमच. पण ओळीच्या शेवटच्या नोटेला बांधलेला लांब शब्द उजव्या समासाबाहेर लोंबत असेल तर 'रालेन्तांदो'चं 'राल.' करा, किंवा सिस्टिम ब्रेक एक बार अलीकडे घ्या.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेले निर्णय. टेंपो फक्त वर लिहायचा की पियानोच्या वरही? तुमच्या रचनेत चार आवाज दोन स्टाफवर आहेत, म्हणजे पियानिस्टची नजर फक्त दोन स्टाफ वर जायची आहे. तरीही गायनासोबत पियानो असलेल्या छापील प्रतींत सूचना दोनदा, सिस्टिमच्या डोक्यावर आणि पियानोच्या डोक्यावर, देण्याची प्रथा आहे, आणि मी ती पाळतो. पियानिस्ट बहुतेक वेळ आपल्या दोन स्टाफवरच डोळे ठेवून वाजवतो. चार आवाज चार स्टाफवर असतील तर हे आवश्यकच समजा. ऑर्केस्ट्राच्या स्कोअरवर हीच गोष्ट सर्वांत वर आणि पुन्हा पहिल्या व्हायोलिनच्या वर अशी दिसते. यासाठी दुसरा मजकूर टाइप करायचा नाही. प्लेबॅक आणि पार्ट दोन्हींत घोळ होतो. म्युझस्कोअर ४.५ पासून डावीकडच्या लेआउट पॅनेलमध्ये, ज्याचं नाव आधी इन्स्ट्रुमेंट्स होतं, सिस्टिम मार्किंग्जचा थर जोडता येतो. पियानो निवडून तो जोडला की तोच टेंपो दोन्ही ठिकाणी उमटतो, आणि एक दुरुस्त केला की दुसराही दुरुस्त होतो. आधीची आवृत्ती असेल तर फक्त हे एक काम करण्यासाठीही अपडेट घ्यावं असं माझं मत आहे.

प्रत्येक स्टाफवर टेंपो मात्र लिहू नका. चार आवाजांवर चार वेळा 'मेनो मोसो' लिहिलं की पान भरतं, डायनॅमिक्स दबतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की प्रत्येक आवाजाला स्वतंत्र सूचना आहे.

आणि काही सूचना लयीच्या असूनही टेंपो नसतात. 'कोला वोचे', म्हणजे गाणाऱ्याच्या मागे जा, ही फक्त पियानिस्टला आहे; ती पियानोच्या स्टाफवर स्टाफ टेक्स्ट म्हणूनच हवी. सोप्रानो सोलोला थोडी मोकळीक आणि बाकी सगळे लयीत, हेही स्टाफ टेक्स्टचंच काम. 'डोल्चे', 'एस्प्रेसिव्हो' हे भावाचे शब्द. त्यांच्यासाठी एक्स्प्रेशन टेक्स्ट आहे, कंट्रोल+ई. मी स्वतः एकच प्रश्न विचारतो: ही ओळ बेस गाणाऱ्यानेही पाळायची आहे का? उत्तर हो असेल तर टेंपो, नसेल तर स्टाफचा मजकूर. दोन आवाज खरोखर दोन वेगवेगळ्या लयींत गाणार असतील तर म्युझस्कोअरचा टेंपो टेक्स्ट त्या कामाचा नाही, कारण एका क्षणी पूर्ण स्कोअरला एकच लय असते. तिथे दोन्ही सूचना स्टाफ टेक्स्टने लिहून प्लेबॅकवर पाणी सोडावं लागतं.

तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की मराठी शब्दांच्या रचनेवर 'मध्य लय' असं देवनागरीतच लिहायचा विचार आहे. जरूर लिहा, पण तीन गोष्टी सांभाळा. एक, म्युझस्कोअरचा मूळचा एडविन फॉन्ट देवनागरीसाठी नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर संगणकावरचा कुठलातरी फॉन्ट उसना घेतं आणि दुसऱ्याच्या संगणकावर वेगळाच. टेंपोच्या टेक्स्ट स्टाइलमध्ये मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी असा एक नक्की ठरवा आणि प्रत पीडीएफ करूनच पाठवा. दोन, देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणजे त्याच पॉइंटला शब्द जास्त उंच; मिनिमम डिस्टन्स अर्धी स्पेस वाढवावं लागतं आणि 'द्रुत'मधला उकार स्लरला टेकत नाही ना ते बघावं लागतं. तीन, आकडा द्याच. 'मध्य लय' किंवा 'विलंबित' यांचा वेग गायक, ताल आणि गायकीप्रमाणे खूप बदलतो, आणि ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतून शिकलेल्या पियानिस्टला ठोकळ अंदाजही बांधता येत नाही. मात्रा म्हणजे क्रॉचेट की मिनिम (हाफ नोट), ते समीकरणातून स्पष्ट होतं. समीकरणातला आकडा मात्र इंग्रजी अंकांत ठेवा, कारण प्लेबॅकला तो वाचायचा आहे.

पार्ट काढताना दोन गोष्टी. खरा टेंपो सगळ्या पार्टमध्ये आपोआप जातो, आणि लांब विश्रांतीच्या मध्ये टेंपो बदलला तर एकत्र केलेला मल्टिमेझर रेस्ट तिथे आपोआप तुटतो, म्हणजे आठ बारऐवजी चार आणि चार. ते बरोबरच आहे. वाजवणारा चार मोजून नव्या लयीत पुन्हा चार मोजतो. स्टाफ टेक्स्टने लिहिलेली सूचना असती तर त्याला आठ बार एकसलग दिसले असते आणि तो मधल्या बदलाला बहिराच राहिला असता. दुसरं, पार्टमध्ये सूचनेच्या जवळपासच्या वस्तू वेगळ्या असतात, म्हणून स्कोअरवर दिलेलं ऑफसेट तिथे विचित्र दिसू शकतं. प्रत्येक पार्ट उघडून बघण्याला पर्याय नाही.

इतर सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांसाठी: कल्पना तीच, दरवाजे वेगळे. सिबेलियसमध्ये कंट्रोल+ऑल्ट+टी, आणि टेंपो आणखी कोणत्या स्टाफच्या वर दिसावा ते अपिअरन्स टॅबमधल्या सिस्टिम ऑब्जेक्ट पोझिशन्समध्ये ठरतं. डोरिकोमध्ये शिफ्ट+टी दाबून पॉपओव्हरमध्ये शब्द आणि आकडा एकत्र लिहिता येतो. फिनालेचं विकसन २०२४ मध्ये थांबलं, तरी जुन्या फाइली पुष्कळ आहेत. तिथून म्युझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फॉरमॅटने आणलेल्या स्कोअरमध्ये टेंपो कधीकधी साधा मजकूर होऊन येतो, म्हणून आयात केल्यावर लगेच टाइमलाइन बघा. लिलीपाँडमध्ये, जिथे संगीत मजकुराच्या आज्ञांनी लिहितात, तर हे तत्त्व सगळ्यात उघड दिसतं. टेंपोची आज्ञा कोणत्याही व्हॉइसमध्ये लिहा, ती उमटवणारा मेट्रोनोम मार्क एन्ग्रेव्हर स्कोअरच्या पातळीवर राहतो, त्यामुळे सूचना सिस्टिमच्या डोक्यावरच येते. दोन व्हॉइसमध्ये एकाच क्षणी दोन वेगळे टेंपो लिहिले तर तो एक टाकून देतो आणि लॉगमध्ये इशारा लिहितो. म्हणून तिथे टेंपो, टाइम सिग्नेचर आणि की सिग्नेचर एका स्वतंत्र 'ग्लोबल' व्हेरिएबलमध्ये, अदृश्य स्पेसर रेस्टच्या मोजमापाने लिहायची सवय चांगली. स्पेसर रेस्ट कुठल्याही बीटवर तोडता येतो, त्यामुळे मघाशी सांगितलेली नोटच नसलेल्या बीटची अडचण तिथे उद्भवतच नाही.

तेव्हा तुमच्या फाइलीवर काम याच क्रमाने करा. जुना 'मेनो मोसो' पुसा, आल्टोच्या तिसऱ्या बीटवर ऑल्ट+शिफ्ट+टी, ७२ चा आकडा प्रॉपर्टीजमध्ये, पियानोवर सिस्टिम मार्किंग्जचा थर. मग एफ१२ दाबून टाइमलाइनच्या टेंपो ओळीत पाचव्या बारखाली खूण आली का बघा, चौथ्या बारपासून प्लेबॅक ऐका आणि पियानोचा पार्ट उघडा. शेवटी पहिलं पान ए४ वर छापून संगीतस्टँडच्या अंतरावर, हातभर लांब, धरून बघा. स्क्रीनवर मोकळी वाटणारी जागा कागदावर निम्मी भासते, आणि स्लर व सूचना यांच्यामध्ये पांढरी पट्टी दिसत नसेल तर मिनिमम डिस्टन्स तेव्हाच वाढवा.